केमोनंतरचा ताप

मुंबईत केमोथेरपी घेऊन रात्रीच्या कोकणकन्येने गावी परतणाऱ्या रुग्णाचे सर्वांत धोक्याचे दिवस बहुधा त्याच्या स्वतःच्या घरी येतात. औषध चढत असताना सिस्टर शेजारी असते आणि शिरेभोवती जळजळ किंवा सूज जाणवली तर ती सलाईन लगेच थांबवते. रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र अनेक औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान सर्वांत कमी होतात, आणि तोवर रुग्ण गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या एखाद्या वाडीत पोहोचलेला असतो.

झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर केमोचा मारा होतो आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा त्यात सापडते. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, रक्त गोठायला मदत करणारी प्लेटलेट 7 ते 10 दिवस, तर जंतूंना गिळणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकते. त्यामुळे मज्जेकडून होणारा पुरवठा आटला की आधी तीच संपते. एका मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल 500 पेक्षा कमी उरल्या की स्थिती गंभीर मानतात. रक्ताच्या कर्करोगात मज्जाच आजारी असल्याने हा काळ कित्येक आठवडे लांबू शकतो.

घरच्यांना समजावून सांगायलाच हवी अशी एक गोष्ट येथे आहे. पू हा मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलांचा बनतो. त्या पेशीच नसल्या तर जखम चिघळलेली दिसत नाही, लाली फारशी येत नाही, फुप्फुसात संसर्ग असूनही कफ पडत नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण उरते, आणि नेमकी तीच खूण आपण पॅरासिटामॉल देऊन किंवा काढा पाजून घालवायला बघतो. ‘सकाळपर्यंत बघू’ हे एरवी शहाणपणाचे वाक्य या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. तापमापीत 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक दिसले, अथवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर रुग्णालय गाठायचे. तिथे पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा दंडक आहे. त्यासाठी मुंबईची वाट धरण्यात अर्थ नाही. रत्नागिरी किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय, नाहीतर सलाईन लावण्याची सोय असलेले त्याहून जवळचे रुग्णालय, हेच योग्य ठिकाण.

म्हणून घरी सोडताना सिस्टरने दिलेली शिकवण मला औषधाइतकीच मोलाची वाटते. ‘काळजी घ्या’ एवढ्याने काहीच साधत नाही. जाणती सिस्टर रुग्णाच्या बायकोच्या हाती तापमापी देते आणि आकडा तिच्याकडूनच वाचून घेते. रात्री गाडी कोणाची मिळेल, पावसात वाडीचा साकव पाण्याखाली जातो का, हेही ती विचारते.

तोंड आले असेल तर जेवणाचे बोलणे त्याच वेळी व्हावे. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायच्या. आमसुलाचे सार, लोणचे काही दिवस बंद. उकड्या तांदळाची मऊ पेज निवत ठेवून, ताजी असतानाच द्यायची. विहिरीचे पाणी उकळून घ्यायचे. अर्धकच्च्या तिसऱ्या-कालवे नकोत. मिश्रीबद्दल सिस्टरने न लाजता, स्पष्ट विचारावे, कारण घरातल्या वडीलधाऱ्या बाई ती आपणहून सांगत नाहीत आणि हुळहुळ्या हिरड्यांवर ती घासली की रक्त येते, जंतूंना वाट मिळते. लावणीच्या चिखलात अनवाणी उतरणेही या काळात टाळलेलेच बरे; लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या चिरेतूनही शरीरात शिरतात.

याशिवाय एक चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असावी. तिच्यावर शेवटच्या केमोची तारीख, औषधांची नावे, रुग्णालयाचा फोन आणि ‘पांढऱ्या पेशी कमी असण्याची शक्यता, ताप असल्यास तातडीने उपचार’ एवढे ठळक लिहावे. तापाला कमरेत सुई टोचण्याची पद्धत गावागावांत आहे. प्लेटलेट घटलेल्या रुग्णाला त्या सुईने स्नायूत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे ‘स्नायूत इंजेक्शन देऊ नये, ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन देऊ नये’ ही ओळही त्याच चिठ्ठीवर, मराठीत आणि इंग्रजीतही लिहिलेली हवी.