शिसे पकडणारी साल

पाणी उकळले की शुद्ध होते, हा समज जंतूंच्या बाबतीत बरोबर असला तरी शिसे किंवा कॅडमियम यांच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. हे धातू वाफेबरोबर उडून जात नाहीत. उलट पाणी आटते तसे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात शिशासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. या हिशेबाने अवघे १ ग्रॅम विरघळलेले शिसे १ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेते. इतके विखुरलेले आयन, म्हणजे धातूचे विद्युतभारित कण, वेचून काढण्याचे काम संत्र्याची टाकून दिलेली साल करू शकते.

स्पंजाने पाणी टिपावे तशी साल शिसे टिपत नाही. सालीतील पेक्टिन म्हणजे गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या रेणूंची लांब साखळी असून तिच्यावर कार्बोक्सिल गट, म्हणजे अणूंचे आम्लधर्मी पुंजके, असतात. त्यांतील बरेचसे मिथाइल गटाने झाकलेले असतात. सालीची भुकटी चुन्याच्या निवळीत भिजवली की ते उघडे पडतात आणि त्यांच्या ऋण भारापाशी कॅल्शियमचे आयन येऊन बसतात. शेजारशेजारच्या दोन साखळ्यांमध्ये अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे तयार होतात आणि प्रत्येक खळग्यात एक कॅल्शियम असते. शिशाच्या आयनावरही कॅल्शियमइतकाच, म्हणजे दोन धन भार असतो, परंतु कार्बोक्सिल गटांशी त्याचे बंध अधिक घट्ट जुळतात. म्हणून शिसे आत शिरते आणि कॅल्शियम बाहेर पडते. हा आयनांचा विनिमय आहे, आणि पाण्यातले शिसे घटत असताना कॅल्शियम वाढताना दिसते, हा त्याचा मोजता येणारा पुरावा.

या देवघेवीवर सामूची, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे दाखवणाऱ्या pH ची, हुकमत चालते. सामू ३ च्या खाली गेला की हायड्रोजनचे आयन कार्बोक्सिल गट अडवून बसतात आणि शिशाला जागा उरत नाही. सामू फार वाढला तर शिसे हायड्रॉक्साइड होऊन आपोआप तळाशी बसते, आणि प्रयोगात त्याचे श्रेय चुकून सालीला दिले जाते. आम्लाचा हा अडथळा एरवी उपयोगीही पडतो, कारण वापरलेली भुकटी सौम्य आम्लाने धुतली की अडकलेले शिसे थोड्याशा द्रावणात गोळा होते आणि भुकटी पुन्हा वापरता येते. आर्सेनिकची गोष्ट वेगळी आहे. आर्सेनेटच्या रूपात त्यावर ऋण भार असतो, त्यामुळे नुसती साल त्याला दूर लोटते. तिथे सालीवर लोहाच्या संयुगांचा थर द्यावा लागतो.

म्हणूनच ‘पाण्यात केळीची साल टाका, सगळे विष निघून जाईल’ असे संदेश धोकादायक आहेत. कच्च्या सालीतून साखर आणि रंगद्रव्ये पाण्यात उतरतात, त्यांवर जीवाणू पोसले जातात, आणि धातू किती उरला हे चवीवरून कळत नाही. ही पद्धत सर्वप्रथम शोभते ती कारखान्यांच्या सांडपाण्याला, जिथे सामू राखता येतो आणि बाहेर पडणारे पाणी तपासता येते. तिथेही शेवटी निकामी झालेली भुकटी खतात मिसळून चालत नाही, कारण पाण्यातून काढलेले शिसे तिच्यातच असते.