इंग्लंडमधे भाड्याच्या घरात ईआयसीआर तपासणी आहे? आधी हे वाचा

एजंटचा मेल येतो की अमुक तारखेला इलेक्ट्रिशियन येणार, ईआयसीआर (घरातल्या वायरिंगची तपासणी आणि तिचा रिपोर्ट) करायचंय, आणि इथे नवीन आलेल्या आपल्या लोकांना पहिली भीती हीच की काही चूक निघाली तर डिपॉझिट कापतील का. अहो, ही तुमची परीक्षा नाहीये, घरमालकाच्या वायरिंगची आहे. २०२० च्या नियमाप्रमाणे निदान दर ५ वर्षांनी ती त्यानेच करून घ्यायची आणि खर्चही त्याचाच.

तुम्ही अर्ज बिर्ज काही करायचा नाही. खाजगी मालकाचं घर भाड्याने घेऊन राहताय ना, मग नियम लागू. मालकाच्याच घरात एक खोली घेऊन लॉजर म्हणून असाल किंवा युनिव्हर्सिटीच्या हॉलमधे असाल तर नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत.

तपासणीला काही तास जातात आणि मधेमधे लाईट बंद करतात, त्यामुळे घरून काम असेल तर ऑफिसला आधीच सांगून ठेवा, कॉम्प्युटर नीट बंद करा, फ्रीज उघडू नका. फ्यूज बॉक्स बऱ्याच घरांत जिन्याखालच्या कपाटात असतो आणि तिथेच आपण बॅगा आणि तांदळाची पोती रचलेली असतात, ती आदल्या रात्री काढा. सोफ्यामागचे सॉकेटही मोकळे करा.

आता मिक्सरबद्दल, कारण हे सगळेच विचारतात. प्लग लावून वापरायच्या वस्तू या तपासणीत येत नाहीत. पण भारतातला मिक्सर स्वस्तातल्या अडॅप्टरवर चालवत असाल तर प्लीज थांबा. व्होल्टेज जुळतं, प्रश्न फ्यूजचा आहे. इथे सॉकेटच्या सर्किटवर सहसा ३२ अँपचा ब्रेकर असतो, म्हणजे मिक्सरची बारीक वायर तापून वितळायला लागली तरी तो पडेलच असं नाही, तिला वाचवतो तो इथल्या प्लगच्या आतला छोटा फ्यूज, आणि आपल्याकडच्या प्लगमधे तो नसतोच. इलेक्ट्रिशियनकडून इथला प्लग बसवून घ्या, योग्य फ्यूजसकट.

आणि काही लपवू नका. कुठला सॉकेट गरम होतो, शॉवर लावला की काय ट्रिप होतं, सगळं सांगा. मालक नाराज होईल म्हणून गप्प बसणारे खूप बघितलेत आणि त्याच घरात लहान मुलं असतात हो.

रिपोर्टची कॉपी २८ दिवसांत तुम्हाला मिळायलाच हवी. त्यात कोड असतात, सी१ म्हणजे आत्ताच धोका, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, एफआय म्हणजे अजून तपासायला हवं. यातला एक जरी आला तरी रिपोर्ट नापास आणि काम २८ दिवसांत करायचं, रिपोर्टात कमी मुदत लिहिली असेल तर तेवढ्यात. सी३ म्हणजे फक्त सुधारणा सुचवलीय, त्याने नापास होत नाही. काम झाल्याचं लेखी कन्फर्मेशनही मागून घ्या. नवीन घर घेताना तर रिपोर्ट राहायला जायच्या आधीच हातात पाहिजे.

मालक टाळाटाळ करत असेल तर काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) प्रायव्हेट हाउसिंग टीमला लिहा, सोबत मेल, फोटो, तारखा जोडा. काउन्सिल त्याला नोटीस देतं, मोठा दंड लावू शकतं आणि तरीही त्याने केलं नाही तर तुमच्या संमतीने दुरुस्ती करून खर्च मालकाकडून वसूल करू शकतं.