कराराविना ब्रेक्झिट

ब्रिटनने युरोपीय संघाशी माघारीचा करार न करताच बाहेर पडणे, म्हणजे कराराविना किंवा ‘नो-डील’ ब्रेक्झिट. प्रत्यक्षात तसे झाले नाही. मात्र २०१९ सालचे ब्रिटिश राजकारण जवळजवळ पूर्णपणे त्याच्याच धास्तीवर चालले.

पेच युरोपीय संघाच्या लिस्बन तहातल्या, संघ सोडण्याविषयीच्या कलम ५० मध्ये होता. नोटीस दिल्यावर दोन वर्षांत करार झाला नाही आणि मुदतवाढीला सगळे सदस्यदेश राजी झाले नाहीत, तर सदस्यत्व आपोआप संपते. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ रोजी नोटीस दिली. त्यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला, मग आणखी दोनदा पडला. कराराविना जायलाही सभागृह तयार नव्हते. नकार द्यायला बहुमत होते, होकार द्यायला नव्हते. आणि मुदत काही कोणासाठी थांबत नव्हती. मे महिन्यातल्या युरोपीय निवडणुकीत नव्या ब्रेक्झिट पक्षाने २९ जागा घेतल्या, सत्ताधारी हुजूर पक्ष पाचव्या क्रमांकावर गेला.

३ सप्टेंबर २०१९ ला मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन सभागृहात बोलत असतानाच त्यांचे खासदार फिलिप ली उठून समोरच्या बाकांवर लिबरल डेमोक्रॅट्समध्ये जाऊन बसले. सरकारचे काठावरचे बहुमत तिथेच गेले. त्याच रात्री सरकारविरुद्ध मत देणाऱ्या २१ हुजूर खासदारांना संसदीय पक्षातून काढले गेले; त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. कराराविना बाहेर पडणे टाळण्यासाठी संसदेने कायदा करून पंतप्रधानांना मुदतवाढ मागायला भाग पाडले. जॉन्सन यांनी पत्र पाठवले, पण त्यावर सही केली नाही! दरम्यान, संसद संस्थगित करण्याचा त्यांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवला होता.

सर्वांत नाजूक प्रश्न उत्तर आयर्लंडचा. ब्रिटनचा भाग असलेला उत्तर आयर्लंड आणि संघातला आयर्लंड यांच्यामधल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर पुन्हा जकात तपासणी सुरू झाली, तर उत्तर आयर्लंडमधल्या १९९८ च्या शांतता कराराला धक्का बसेल, ही भीती होती. तसे झाल्यास ब्रिटनशी व्यापार करार होणार नाही, असे अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी बजावले. ब्रेक्झिटवरच्या २०१६ च्या सार्वमतात ६२ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने देणाऱ्या स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याच्या मागणीने पुन्हा उचल खाल्ली.

अखेर ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन करारानिशी बाहेर पडले. तरी तीच टांगती तलवार व्यापार करारापुरती वर्षभर राहिली. तो २४ डिसेंबरला ठरला आणि संघाचे जुने नियम तात्पुरते चालू ठेवणारा संक्रमणकाळ संपायला एक दिवस उरला असताना संसदेने एका दिवसात मंजूर केला.