चमत्कार (व्युत्पत्ती आणि अर्थ)

चमत्कार हा मराठीत संस्कृतातून जसाच्या तसा आलेला पुल्लिंगी तत्सम शब्द आहे. निसर्गनियमांत न बसणारी, दैवी सामर्थ्याने घडली असे मानले जाणारी घटना हा त्याचा आजचा रूढ अर्थ. मुळात मात्र हे घटनेचे नव्हे, तर ती अनुभवणाऱ्याच्या मनःस्थितीचे नाव होते.

‘चमत्’ हे आश्चर्य व्यक्त करणारे अव्यय असून त्याला ‘कार’ जोडून, ‘हुंकारा’प्रमाणेच, हा शब्द घडला. चटकदार घास तोंडात पडताच जीभ टाळूला लागून जी मिटकी वाजते, तिचेच ‘चमत्’ हे अनुकरण असावे, असाही एक तर्क आहे. आणि संस्कृत साहित्यशास्त्राने हा शब्द आस्वादाच्या संदर्भात किती आवडीने वापरला हे पाहता तो पटण्याजोगा वाटतो. दहाव्या-अकराव्या शतकांतील काश्मीरचे अभिनवगुप्त रसास्वादात पूर्ण रमलेल्या, निर्विघ्न चित्तावस्थेला चमत्कार म्हणतात. चौदाव्या शतकातील विश्वनाथ ‘साहित्यदर्पणा’त त्याला चित्ताचा विस्तार, म्हणजेच विस्मय, ठरवतो. मराठीतल्या ‘चमत्कृती’ या शब्दात, विशेषतः काव्यातील शब्दचमत्कृतीविषयी बोलताना, हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘चमत्कारिक माणूस’ म्हणताना मात्र केवळ विचित्रपणा उरतो.

इंग्रजी ‘मिरॅकल’चे (चमत्काराचे) मूळ असलेला लॅटिन ‘मिराक्युलुम’ हा शब्दही ‘आश्चर्य वाटणे’ या अर्थाच्या क्रियापदापासूनच आला. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात मात्र येशूच्या चमत्कारांना ‘चिन्हे’ म्हटले आहे, म्हणजे तेथे भर नवलावर नसून कृत्याने सुचवलेल्या अर्थावर आहे.

महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्यामुखी वेद वदवल्याची आणि इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा तरल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. स्वतः तुकोबांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे: ‘दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी’. उठाउठी, म्हणजे झटक्यात, चमत्कार दाखवणे त्यांनी लोकांना भुलवण्याच्या कपटाबरोबर मोजले आहे. ‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’ ही म्हण लोकांची नेमकी उलट अपेक्षा सांगते.

या अपेक्षेचा गैरफायदा घेणाऱ्यांना रोखण्यासाठी महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ‘तथाकथित चमत्कारां’चे प्रयोग करून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे हा गुन्हा ठरवला, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगण्यास मात्र त्यात मुभा ठेवली आहे.