टीम लीडच्या हातातले चार्ट मुळात बनले कुणासाठी?

टीम लीड झालं की पहिल्याच आठवड्यात सगळं अंगावर येतं, प्लॅन दे, एस्टिमेट दे, स्टेटस दे, आणि वाटतं की हे सगळं पूर्वीपासून असंच चालत आलंय. पण यातली बरीचशी साधनं जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहेत आणि प्रत्येकामागे कुणाची तरी ठरावीक अडचण होती. काही साधनं काम करणाऱ्यांची अडचण सोडवायला आली, काही वरच्या लोकांना शांत ठेवायला. हा फरक माहीत नसला की लीड दिवसभर शीट्स भरत बसतो आणि काम तिथल्या तिथेच राहतं.

कामं वेळेनुसार आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या बार चार्टपासून सुरू करू, कारण तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. हेन्री गँट हे अमेरिकन इंजिनिअर, मिडवेल स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर (कारखान्यातलं काम मोजून-मापून आखणारे इंजिनिअर) यांच्या हाताखाली काम केलेले. १९१० च्या दशकात हा चार्ट त्यांच्या नावाने गाजला (पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की यांनी तशीच गोष्ट १८९६ मध्येच केली होती, पण तिची माहिती इंग्रजी वाचणाऱ्यांपर्यंत फार उशिरा पोचली, त्यामुळे नाव गँट यांचं झालं). आता गंमत बघा, गँट यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२ मध्ये या चार्टवर पुस्तक लिहिलं, त्यात एकेका कामगाराच्या ओळीत काम मागे पडलं तर तिथे एक अक्षर टाकायची पद्धत दिलीय. कच्चा माल नव्हता त्याचं वेगळं अक्षर, हत्यार खराब होतं त्याचं वेगळं, नीट सूचनाच मिळाल्या नव्हत्या त्याचंही वेगळं. कामगार हळू आहे याचंही एक अक्षर होतं, पण ते अनेकांतलं एक. म्हणजे चार्ट नुसतं 'कोण मागे पडलं' एवढंच सांगत नव्हता, 'का पडलं' तेही सांगत होता, आणि त्यातली बरीच कारणं थेट सुपरवायझरच्या दारात जात होती. त्याआधी बेथलेहेम स्टीलमध्ये गँट यांनी बोनसची जी पद्धत आणली तिच्यातही फोरमनचा बोनस त्याच्या किती माणसांनी ठरलेलं काम पूर्ण केलं यावर होता, सगळ्यांनी केलं तर जास्त, त्यामुळे कच्च्या माणसाला शिकवण्यात फोरमनचाच फायदा. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये बार लाल होतो खरा, पण कारणाचं अक्षर गायब झालंय, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती.

बार चार्टची एक मर्यादा होती, कुठलं काम कशावर अडून आहे हे त्यात धड दिसत नाही. ती १९५७-५८ च्या सुमाराला दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी सुटली. ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि युनिव्हॅक कॉम्प्युटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची पद्धत बसवली, त्याच कॉम्प्युटरवर. तत्त्व सोपं आहे, कामांची जी साखळी सगळ्यात लांब तीच प्रोजेक्टची तारीख ठरवते, बाकीच्या साखळ्यांत थोडी ढील असते. म्हणून सगळ्यांनाच 'अर्जंट' म्हणून पळवण्यात काही अर्थ नाही, त्या एका साखळीवर डोळा ठेवायचा (आणि ढील संपली की दुसरीच साखळी क्रिटिकल होऊन बसते, हे विसरायचं नाही).

दुसरीकडे अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ मध्ये पर्ट ही वेळेचा अंदाज आणि आढावा घ्यायची पद्धत आली, त्या प्रोजेक्टच्या ऑफिसचे प्रमुख अॅडमिरल विल्यम रेबॉर्न, सोबत सल्लागार कंपनी बूझ अॅलन हॅमिल्टन आणि क्षेपणास्त्र बनवणारी लॉकहीड. इथे एका कामाचे तीन अंदाज घ्यायचे, सगळं सुरळीत गेलं तर किती, साधारण किती, आणि सगळं बिघडलं तर किती, मग मधल्याला चौपट वजन देऊन सगळ्याला सहाने भागायचं. समजा ४, ६ आणि १४ दिवस, तर ४ अधिक २४ अधिक १४ म्हणजे ४२, भागिले सहा, आले ७. बोलताना माणूस ६ म्हणाला असता. हा एक दिवसाचा फरक किरकोळ वाटतो पण अशी तीस कामं एकामागे एक लावली की महिनाभर कुठे गेला ते कळत नाही. शिवाय १४ का म्हणालास असं विचारलं की समोरच्याच्या मनातली भीती बाहेर येते, आकड्यापेक्षा ती जास्त उपयोगाची.

पोलारिस जोरात यशस्वी झालं, २० जुलै १९६० ला पाणबुडीतून पाण्याखालून पहिलं क्षेपणास्त्र सुटलं, आणि श्रेय पर्टला गेलं. पण राज्यशास्त्राचे अभ्यासक हार्वे सॅपोल्स्की यांनी १९७२ मध्ये या सगळ्याचा अभ्यास छापला तेव्हा चित्र वेगळंच निघालं, तांत्रिक कामात पर्टचा वापर तसा कमीच होता, त्याचा खरा उपयोग बाहेरच्यांवर छाप पाडून त्यांची ढवळाढवळ थांबवण्यासाठी झाला. हे वाचून हसू येतं पण टीम लीडसाठी यात मोठी गोष्ट आहे, वरचा दबाव अडवणं हेही कामच आहे, फक्त त्यासाठी केलेला चार्ट आणि स्वतःच्या टीमसाठीचा चार्ट एकच समजू नये.

पुढची काही वर्षं हिशोबाचीच होती. १९६२ मध्ये अमेरिकी संरक्षण खातं आणि नासाने कामाचे तुकडे पाडायची रचना कागदावर आणली, १९६७ मध्ये खर्च आणि वेळापत्रकाचे ३५ निकष आले, १९६९ मध्ये पीएमआय ही प्रोजेक्ट मॅनेजमेंटची संस्था निघाली आणि १९८४ पासून प्रोजेक्ट मॅनेजरसाठी तिची पीएमपी परीक्षा.

माणसांकडे लक्ष गेलं ते सॉफ्टवेअरमुळे. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टचे मॅनेजर फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहिलं की लेट झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी लेट होतो, कारण नवीन माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो आणि बोलणं वाढतं. पाच जणांत आपसातल्या जोड्या १०, दहा जणांत ४५. तरी डेडलाइन जवळ आली की आजही पहिला प्रश्न 'अजून दोन माणसं देऊ का' हाच असतो! सॉफ्टवेअरवर लिहिणारे इंजिनिअर विन्स्टन रॉइस यांचं तर आणखीच वाईट झालं, १९७० च्या पेपरात एकामागे एक टप्प्यांचं चित्र काढून त्यांनी ते धोक्याचं आहे असं लिहिलं, लोकांनी चित्र उचललं आणि इशारा तिथेच ठेवला.

पुढे १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅननसारख्या कंपन्यांतल्या टीम्स कशा काम करतात ते मांडलं, रग्बीतला स्क्रम हा शब्द तिथून आला. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी १९९५ मध्ये स्क्रमची, म्हणजे छोट्या टीमने थोड्या थोड्या टप्प्यांत काम करायची पद्धत जाहीरपणे मांडली, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये युटाच्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाइल जाहीरनामा लिहिला, म्हणजे बदलत्या गरजेप्रमाणे लवचिकपणे सॉफ्टवेअर बनवायची तत्त्वं. स्क्रममधली रोजची पंधरा मिनिटांची मीटिंग टीमने आपला दिवस आपणच आखायला होती, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. ती हळूहळू बऱ्याच ठिकाणी लीडला द्यायची हजेरी झाली, आणि २०२० च्या स्क्रम गाइडमधून (स्क्रमचे नियम सांगणारी पुस्तिका) ते तीन प्रश्नच काढून टाकले गेले. मीटिंग राहिली, ती कशी घ्यायची ते टीमवर सोडलं. ज्या टीम्स अजून ते प्रश्न विचारतात तिथे लीडने निदान तिसऱ्यापासून सुरुवात करून बघावी, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तशीही टीमच्या कामाच्या बोर्डवर असतातच.