पान पिवळं पडलं की खत टाका? थांबा जरा

कॅनडात ऑन्टारियोमध्ये 2018 पासून घरात 4 पर्यंत गांजाची झाडं लावता येतात (भारतात नाही, हे आधीच सांगते), आणि नवीन लावणाऱ्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो, पान पिवळं झालं म्हणजे नायट्रोजन कमी, खत वाढव. हे अर्धवट आहे हो, यात चांगली झाडं जळतात!

आधी कुंडी उचलून बघा. जड लागतेय, माती ओली आणि पानं मलूल होऊन खाली लोंबतायत, तर पाणी जास्त झालंय, मुळांना हवाच मिळत नाहीये, अशा वेळी खत म्हणजे आगीत तेल. मग पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा. खालची जुनी पानं सगळीच फिकट होऊन गळतायत तर खरंच नायट्रोजन कमी, कारण झाड तो जुन्या पानातून काढून नव्या पालवीला देतं. जुन्याच पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, आणि तेच वरच्या कोवळ्या पानात दिसलं तर लोह. पण लोह मातीत असूनही मिळत नाही बऱ्याचदा, पीएच (माती किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 7 च्या वर गेला की मुळं ते नीट घेऊ शकत नाहीत, म्हणून आधी पीएच मोजा, 6 ते 6.5 ठेवा.

फुलं पिकत आली की खालची पानं पिवळी होतातच, तेव्हा काहीच करू नका.