आरटीई प्रवेश: दाखल्यांच्या मागे आत्ताच लागा

खासगी विनाअनुदानित शाळेत नर्सरीच्या किंवा पहिलीच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) दिलेला हा हक्क आहे, शाळेची मेहेरबानी नव्हे. आठवीपर्यंत फी नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये यातून वगळले होते. कोकणात जिल्हा परिषदेची शाळा जवळपास गावोगाव, मग आपल्या मुलांना उरले काय असते? मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी तो बदल रद्द केला, फार बरे झाले. अल्पसंख्याक शाळा मात्र यात येत नाहीत.

अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांना उत्पन्नाची अट नाही. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेली आणि अनाथ मुलेही पात्र. खुल्या गटाला वार्षिक 1 लाखाच्या आतला तहसीलदारांचा दाखला हवा.

आपल्याकडे गाडी अडते ती जातीच्या दाखल्यापाशी. कुणबी, भंडारी पालक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत खेपा घालतात, तो त्यांना लागतच नाही! लागतो जातीचा, मुलाच्या किंवा वडिलांच्या नावाचा. तो काढताना ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा ज्या मराठी शाळेत शिकले, तिथल्या जनरल रजिस्टरचा (जातीची नोंद असलेल्या प्रवेशवहीचा) उतारा मागा. यात आठवडे जातात, म्हणून अर्ज सुरू होण्याची वाट पाहू नका.

जन्मदाखला हवाच. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर असेल तर रहिवासासाठी रेशनकार्ड, आधार किंवा वीजबिल द्या. भाड्याचे घर असल्यास करार नोंदणीकृत आणि अर्जाच्या आधीचा हवा.

ऑनलाइन अर्जात नकाशावर घराची खूण आपल्या वाडीवर, नेमक्या घरावर करा. 1 किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य, मग 3 किलोमीटरपर्यंत. शाळा जास्तीत जास्त 10 निवडता येतात, पण खाडीपलीकडची जपून निवडा. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात, तरी मध्ये फेरीबोट आहे. पावसाळ्यात सहा वर्षांचे पोर रोज कसे जाणार? सोडतीत नाव लागूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेरीत संधी नसते.

सोडतीनंतर मेसेजवर विसंबू नका. वाडीत रेंज नसते आणि मुदत निघून जाते. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः बघा, आणि मूळ कागद व झेरॉक्स घेऊन तालुक्याच्या पडताळणी समितीकडे जा.